पवनचक्क्या व सौरऊर्जेच्या कंपन्यांचे भाग घेण्यापूर्वी



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खते, खोडवा आणि हुमणी यांविषयी लिहितो. या खेपेस शेअरविषयी लिहीत आहोत. ऊस विकास अधिकाऱ्याला शेअर बाजारातले काय कळते, असे कुणी म्हणेल, आणि ते म्हणणे अगदीच चुकीचे नाही. आमचा डिप्लोमा शेतीचा आणि उमेद गेली सरीत. तथापि अलीकडे गट कार्यालयात लागणीच्या नोंदीला आलेला माणूस नोंद झाल्यावर हळूच खुर्ची पुढे ओढतो आणि विचारतो, "साहेब, त्या सोलर कंपनीचं काय करावं?" एवढ्यावर आम्ही हसून वेळ मारून नेली असती. पण आमच्याच एका गटात जे घडले ते पाहिल्यावर गप्प बसणे बरे वाटेना.

गोष्ट अशी. एका सभासदांनी सोसायटीतून पीककर्ज उचलले, दोन लाख रुपये. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर आपल्या राज्यात त्याला व्याज पडत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. तात्यांनी (खरे नाव सांगत नाही, त्यांना विचारूनच लिहितो आहोत) विचार केला की बिनव्याजी पैसा आहे, तो सप्टेंबर २०२४ मध्ये सौरऊर्जेच्या एका कंपनीच्या भागांत घालू, मार्चच्या आत विकू, कर्ज भरू आणि वरचा नफा घरात. त्या आधीच्या वर्षभरात त्या भागाचा भाव कितीतरी पट झालेला त्यांनी मोबाईलवर पाहिला होता. हिशेबात चूक कुठे आहे ते त्यांना दिसेना, आणि खरे सांगायचे तर त्यांनी विचारले असते तर आम्हालाही चटकन सांगता आले नसते. पुढे काय झाले ते ओघात येईलच.

आपला भाग आणि बाजारातला भाग

आधी मुळापासून घेऊ. आपण सगळे या कारखान्याचे भागधारक आहोत, म्हणून शेअर म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे असे आपण धरून चालतो. येथेच पहिली गफलत होते. सहकारी कारखान्याचा भाग आणि कंपनीचा भाग ही नावाने सख्खी पण स्वभावाने चुलत भावंडे आहेत.

आपल्याकडे एका सभासदाला एक मत. एक भाग असो की दहा असोत, सभेत हात एकदाच वर होतो. कंपनीत जितके भाग तितकी मते, म्हणजे दहा-वीस भाग घेणाऱ्या माणसाने सभेत काही म्हटले काय आणि न म्हटले काय. आपला भाग बाजारात विकला जात नाही. त्याची किंमत दर्शनी किमतीलाच बांधलेली राहते, रोज वरखाली होत नाही. सहकार कायद्याने लाभांशालाही पंधरा टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे. मग आपला फायदा कशात? तर ऊसदरात, गाळपाच्या हमीत. आपण भाग घेतला तो पैसा दामदुप्पट व्हावा म्हणून नव्हे, ऊस वेळेवर तुटावा म्हणून.

कंपनीच्या भागाचे सगळे उलटे. तेथे तुमचा ऊस नाही, मजुरी नाही, वस्तू नाही. फक्त पैसा आहे, आणि तो परत मिळायचा तो दोनच वाटांनी. एक, कंपनी लाभांश देईल तेव्हा. नव्या ऊर्जेच्या पुष्कळ कंपन्या तो देतच नाहीत, कारण मिळाले ते नव्या प्रकल्पात घालतात. दुसरी वाट म्हणजे तुमच्यापेक्षा जास्त भाव द्यायला तयार असलेला दुसरा कुणीतरी भेटेल तेव्हा. तो भेटला नाही तर भाग घरात पडून. ही दुसरी वाट लक्षात ठेवावी, पुढचे सगळे तिच्यावरच आहे.

पवनचक्की फिरतीय की ओ!

एका गट बैठकीत एका तरुण सभासदांनी आम्हाला पेचात टाकणारा प्रश्न केला. "साहेब, साताऱ्याकडं चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरत्यात. वारं काय बंद पडणार न्हाई. मग कंपनी बुडंल कशी?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायला पुण्याच्याच एका कंपनीची हकीकत घेऊ. ती सगळी वर्तमानपत्रांतून छापून आलेली आहे, आमच्या पदरचे काही नाही. सुझलॉन ही ती कंपनी. तुलसी तांती हे सुरतेत कापडाच्या धंद्यात होते. विजेचा खर्च परवडेना म्हणून त्यांनी स्वतःपुरत्या दोन पवनचक्क्या घेतल्या आणि त्यातून १९९५ साली पवनचक्क्या उभारण्याचा धंदाच सुरू केला. २००५ साली कंपनीने लोकांना भाग विकले, दहा रुपये दर्शनी किमतीचा भाग ५१० रुपयांना. लोकांच्या त्यावर उड्या पडल्या.

समजा, एका शेतकऱ्याने तेव्हा वीस भाग घेतले. पैसे गेले १०,२००. जानेवारी २००८ मध्ये कंपनीने एका भागाचे पाच केले, म्हणजे वीसाचे शंभर झाले. त्याच महिन्यात एकेका भागाचा भाव चारशेच्या वर गेला होता. म्हणजे शेतकऱ्याचे दहा हजारांचे चाळीस हजारांवर झाले. या वेळी गावात त्याची काय ऐट असेल, ते सांगायला नको.

पुढे मात्र २०२० साली त्याच भागाचा भाव दोन रुपयांच्या आसपास आला. शंभर भागांचे दोनशे रुपये. एका पोत्याचे खत येत नाही. नंतर कंपनी सावरली, २०२४ च्या सप्टेंबरात भाव पुन्हा ऐंशीच्या वर गेला, म्हणजे शंभर भागांचे आठ हजार आणि काही. सगळीकडे वाहवा झाली. पण ज्याने २००५ साली घेऊन एकोणीस वर्षे धरून ठेवले, त्याचे मूळ दहा हजार दोनशेही त्या चढ्या भावाला निघाले नाहीत. मधल्या काळात थोडाफार लाभांश आला तेवढाच. तेच पैसे सात टक्क्यांनी बँकेत चक्रवाढीने ठेवले असते तर छत्तीस हजारांच्या पुढे गेले असते.

आता याच काळात पवनचक्क्यांचे काय झाले ते बघा. मार्च २००५ अखेर आपल्या देशात पवनऊर्जेची क्षमता साडेतीन हजार मेगावॅटच्या आसपास होती. मार्च २०१२ ला ती सतरा हजारांवर गेली आणि मार्च २०२५ ला पन्नास हजारांवर. धंदा चौदा पट वाढला. वारे बंद पडले नाही, चक्क्या फिरतच राहिल्या. तरीही त्या धंद्यातल्या सर्वांत गाजलेल्या कंपनीच्या जुन्या भागधारकाला मुद्दल निघणे मुश्किल झाले. हे कसे?

एक कारण कर्ज. २००६ साली कंपनीने बेल्जियममधील गिअर बॉक्स करणारी मोठी कंपनी घेतली, २००७ साली जर्मनीतील पवनचक्क्यांची कंपनी ताब्यात घ्यायला सुरुवात केली. दोन्ही चांगल्या कंपन्या, पण पैसा उसना. २००८ साली जगभर मंदी आली, नव्या मागण्या थंडावल्या. त्याच साली अमेरिकेत बसवलेल्या काही पात्यांना तडे गेल्याचे निघाले व ती दुरुस्त करून द्यावी लागली. उत्पन्न थांबले तरी व्याज थांबत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. ऑक्टोबर २०१२ मध्ये परदेशातील रोख्यांचे सुमारे एकवीस कोटी डॉलर कंपनीला मुदतीत देता आले नाहीत. २०१५ साली ती जर्मन कंपनी विकावी लागली.

दुसरे कारण वाटणीचे आहे आणि ते बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. कर्ज फेडायला कंपनी नवे भाग काढते, बँकांना कर्जाच्या बदल्यात भाग देते. २०२३ सालीही नवे भाग विकून दोन हजार कोटी उभे केले आणि त्यातून कर्ज हलके केले. कंपनीच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण जुन्या भागधारकाचे काय? विहीर तीच, पाळीदार वाढले. पूर्वी आठवड्यातून एक दिवस पाणी मिळत होते, आता महिन्यातून एक दिवस. विहिरीला पुन्हा पाणी लागले म्हणून आपली पाळी पूर्वीसारखी येत नाही.

बाजू सोडून बोलत नाही. २०२० साली दोन रुपयांना ज्याने घेतले त्याचे चाळीस पट झाले, हेही खरेच. पण त्या वेळी ही कंपनी तगेल असे छातीठोक सांगणारा आम्हाला तरी कुणी भेटला नव्हता. आता मात्र "मी तेव्हाच म्हणालो होतो" असे म्हणणारे प्रत्येक चहाच्या टपरीवर दोन आहेत.

वीज स्वस्त झाली, कुणाला फायदा?

सौरऊर्जेत आणखी एक गंमत आहे. २०१० साली केंद्राच्या सौर योजनेत कंपन्यांनी बोली लावली तेव्हा युनिटला सरासरी बारा रुपयांच्या आसपास दर निघाला. मे २०१७ मध्ये राजस्थानात भडला येथे तो २ रुपये ४४ पैशांवर आला. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातेत १ रुपया ९९ पैसे. वीज घेणाराची चांदी झाली. पण प्लेटा करणारा, प्रकल्प उभारणारा यांना दर साली आपला माल आधीपेक्षा स्वस्त विकावा लागतो. ज्याचा खर्च त्याच वेगाने कमी होत नाही तो मागे पडतो. चीनमधील सनटेक ही कंपनी एके काळी जगात सर्वांत जास्त सौर प्लेटा करीत होती. मार्च २०१३ मध्ये तिच्या मुख्य कारखान्याचे दिवाळे निघाले. त्याच साली जगात सौर प्लेटांची मागणी वाढतच होती!

ऊस उत्पादकाला हे नवीन नाही. २००६-०७ च्या हंगामात राज्यात ऊस एवढा झाला की तोडीअभावी रानात उभा राहिला. पीक उत्तम, उतारा उत्तम, आणि शेतकरी हवालदिल. माल भरपूर पिकला म्हणजे पिकवणाऱ्याच्या हातात पैसा आलाच असे होत नाही. मग हे सौर प्लेटांच्या बाबतीतच आपण का विसरतो?

शिवाय हा धंदा सरकारच्या धोरणावर चालतो. पवनचक्की घेणाऱ्या उद्योगपतीला पहिल्याच वर्षी तिच्या किमतीचा मोठा हिस्सा घसारा म्हणून दाखवून आयकर वाचवता येत असे. पठारांवर एवढ्या चक्क्या उभ्या राहिल्या त्यात वाऱ्याइतकाच या सवलतीचाही वाटा आहे. २०१२ साली ती सवलत निघाली, तर पुढच्या वर्षी नव्या चक्क्यांची उभारणी जवळजवळ निम्म्यावर आली. २०१४ साली सवलत परत आली, २०१७ साली पुन्हा कमी झाली. उलट एप्रिल २०२२ पासून परदेशी सौर प्लेटांवर चाळीस टक्के आयातकर बसला आणि देशी प्लेटा करणाऱ्यांना मोकळे रान मिळाले. त्यांचे भाव वाढले त्यात या कराचा मोठा हात आहे. दिल्लीत दिलेले दिल्लीत काढूनही घेता येते.

तिसरी बाब गिऱ्हाईकाची. या कंपन्यांची वीज बहुतेक करून राज्यांच्या वीज मंडळ्याच घेतात. त्यांची बिले वर्ष वर्ष थकल्याच्या तक्रारी पूर्वी सर्रास होत्या. २०२२ च्या नियमांनंतर बराच फरक पडला आहे. तरीही कंपनीचा ताळेबंद पाहताना येणे बाकी किती आहे, ते जरूर पाहावे. कागदावरचा नफा आणि गल्ल्यातला पैसा वेगळा असतो. उचल जाहीर झाली म्हणजे खात्यावर जमा झाली असे आपण तरी कुठे धरतो!

भाव महाग की स्वस्त, कसे ओळखावे

"भाग तर तीस रुपयांचाच आहे, स्वस्त आहे," असे पुष्कळजण म्हणतात. ही भाषाच चुकीची. तीस रुपयांचा भाग महाग असू शकतो आणि तीन हजारांचा स्वस्त.

जमिनीवरून सांगतो. समजा, एक एकर रान आहे. खंडाने दिले तर वर्षाला चाळीस हजार मिळतात. मालक म्हणतो, आठ लाखाला घ्या. म्हणजे वीस वर्षांच्या खंडात पैसे फिटतात. दुसरे तसेच रान आहे, तोच चाळीस हजार खंड, पण शेजारून महामार्ग जाणार अशी बोलवा आहे, म्हणून मालक चाळीस लाख मागतो. म्हणजे शंभर वर्षांचा खंड. हे दुसरे रान तुम्ही खंडासाठी घेत नाही, महामार्गाच्या बोलव्यावर घेता. महामार्ग आला तर सोने. न आला, किंवा दोन कोस पलीकडून गेला, तर तुमच्या नातवालाही मुद्दल फिटलेले दिसायचे नाही.

शेअरचे गणित हेच. एका भागामागे कंपनी वर्षाला किती नफा कमावते तो आकडा छापलेला असतो. भावाला त्या आकड्याने भागावे, म्हणजे किती वर्षांचा खंड आपण आगाऊ देतो आहोत ते कळते. बाजारात याला पीई म्हणतात. तेजीत नव्या ऊर्जेच्या कंपन्यांचा हा आकडा पन्नास, ऐंशी, शंभरही होतो. शंभर झाला म्हणजे कंपनी वाईट असे नव्हे. पुढच्या पुष्कळ वर्षांची सगळी वाढ आजच किमतीत धरलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ. कंपनीने चांगले काम केले तरी अपेक्षेएवढे चांगले केले नाही म्हणून भाव पडतो. तात्यांच्या बाबतीत नेमके हेच झाले. त्यांच्या कंपनीचा नफा त्या सहा महिन्यांत वाढलाच होता! भाव मात्र सप्टेंबरपासून जो उतरला तो मार्चपर्यंत जवळजवळ एक तृतीयांश गेला.

सरकारी कंपनी असली म्हणजे धोका नाही, असेही नव्हे. अपारंपरिक ऊर्जेला कर्ज देणाऱ्या इरेडा या केंद्र सरकारच्या कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये ३२ रुपयांना भाग दिले. बाजारात पहिल्याच दिवशी पन्नास झाले. जुलै २०२४ मध्ये ३१० पर्यंत गेले. मार्च २०२५ मध्ये दीडशेच्या खाली आले होते. ज्याला ३२ ला मिळाला तो तरीही फायद्यात, ज्याने तीनशेला घेतला त्याचे निम्म्याहून जास्त गेले. कंपनी एकच, कागद एकच. घेतला कोणत्या भावाने, एवढाच फरक.

नव्या भागविक्रीत, ज्याला आयपीओ म्हणतात, अर्ज करणार असाल तर एक गोष्ट माहितीपत्रकात आवर्जून पाहावी. तुमचा पैसा कुठे जाणार? कंपनी नवे भाग काढून नवा कारखाना उभारणार असेल तर पैसा कंपनीत जातो. जुने मालक आपले भाग विकून बाहेर पडत असतील तर तो त्यांच्या खिशात जातो, कंपनीला एक पैसाही मिळत नाही. दोन्ही कायदेशीर आहे. पण बैल विकणारा स्वतः का विकतोय, हे आपण बाजारात विचारतोच ना?

आपण आधीच ऊर्जेत आहोत

हा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तो कुठल्याही शेअरच्या पुस्तकात सापडणार नाही, कारण ती पुस्तके ऊसवाल्यासाठी लिहिलेली नसतात.

एक टन ऊस गाळला की पावणेतीन ते तीन क्विंटल बगॅस निघतो. त्यावर बॉयलर पेटतो, सहवीज होते. मळीपासून आणि रसापासून इथेनॉल होते. म्हणजे ऊस उत्पादक हा पर्यायी ऊर्जेच्या धंद्यात कधीच उतरलेला आहे, फरक इतकाच की त्याच्या घरी शेअरचा कागद नाही, रान आहे. आता ७ डिसेंबर २०२३ आठवा. देशात साखर कमी पडेल म्हणून केंद्र सरकारने रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली. आठवड्याभरात ती थोडी सैल केली, पण मर्यादा राहिलीच, आणि ती पुढे २०२४-२५ च्या हंगामासाठी उठवली. त्या ७ तारखेला शेअर बाजारातल्या साखर कंपन्यांचे भाव एका दिवसात कोसळले. त्याच दिवशी आपल्याकडे सभासदांना काळजी काय लागली? यंदा दराचे काय होणार!

म्हणजे एकाच निर्णयाने ऊसही मार खातो आणि इथेनॉलचा शेअरही. ज्याच्या घरी आधीच दहा एकर ऊस आहे त्याने वर इथेनॉल कंपनीचे भाग घेणे म्हणजे दोन्ही म्हशी एकाच दावणीला, एकाच रोगाच्या तडाख्यात बांधणे. नोकरदाराला तो शेअर शोभेल कदाचित. ऊसवाल्याने घ्यायचाच तर वेगळ्या धंद्यातला घ्यावा, असे आमचे मत आहे. कुणाचे वेगळे असेल तर गट बैठकीत बोलावे, आम्ही ऐकू.

पैसा कोणता घालावा

तात्यांकडे परत येऊ. मार्चमध्ये कर्ज भरायची वेळ आली. भाग विकले तर एक लाख पस्तीस हजारांच्या आसपास येत होते. थांबावे तर मुदत टळते, व्याजाची सवलत जाते आणि पुढचे कर्ज अडते. त्यांनी विकले. वरचे पासष्ट हजार ठिबकसाठी ठेवलेल्या पैशातून भरले.

पण खरे नुकसान ते नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात ते दोन लाख जेथे जायला हवे होते, तेथे गेले नाहीत. पूर्वहंगामी लागणीला बेसल डोस अर्धाच पडला. मोठ्या बांधणीला खत कमी, ठिबक राहिलेच. शेतकी विभागाच्या नोंदीत आम्ही ते रान स्वतः पाहिले आहे. ऊस उभा होता, पण कांडी आखूड आणि फुटवा विरळ. काट्यावर एकरी बारा टन कमी भरला, तेही चार एकरांत. हे नुकसान कुठल्याही डीमॅट खात्यात दिसत नाही.

तात्या आम्हाला म्हणाले, "साहेब, भाव परत वर गेला असता की. मला वेळच मिळाला न्हाई." बरोबर आहे. आणि म्हणूनच ज्या पैशाला तारीख आहे तो पैसा या कामाचा नाही. पीककर्ज नाही, सोन्यावरचे कर्ज नाही, मुलीच्या लग्नाची ठेव नाही, पुढच्या लागणीचे बेणे-खत नाही. सगळे हप्ते, सगळी देणी, वर्षभराची भाकरी आणि एखादा दुष्काळ निघेल एवढी शिल्लक बाजूला ठेवून जे उरेल, आणि ज्याची पाच-सात वर्षे आठवणही येणार नाही, तेवढेच. पुष्कळांच्या बाबतीत तो आकडा शून्य येईल. शून्य आला तर त्यात कमीपणा काही नाही.

आम्ही दुसऱ्याला सांगतो आहोत म्हणून आमचेही सांगतो. नोकरीला लागून थोडी वर्षे झाली होती. जानेवारी २००८ मध्ये मित्राच्या शब्दावर एका वीज कंपनीचे भाग घेतले. ना ताळेबंद पाहिला, ना कर्ज. २००९ च्या मार्चमध्ये बहिणीचे लग्न निघाले आणि भाव अगदी तळाला असताना ते विकावे लागले. कंपनीचे नाव घेण्यात अर्थ नाही, चूक आमची होती. घरी ही गोष्ट अजून पूर्ण सांगितलेली नाही. हा अंक घरी जाणार नाही एवढी काळजी घेऊ.

ज्यांना खरोखर उतरायचेच आहे त्यांनी सेबीकडे नोंदलेल्या दलालाकडेच खाते काढावे. पैसा आपल्याच बँक खात्यातून जावा, भाग आपल्याच डीमॅट खात्यात दिसावेत, वारसाची नोंद करावी. आयपीओच्या अर्जात पैसे फक्त अडकवून ठेवले जातात, भाग मिळाले तरच कापले जातात. "आधी माझ्या खात्यावर पाठवा" म्हणणारा माणूस दलाल नव्हे. व्हॉट्सअॅपच्या गटात रोज नफ्याचे फोटो टाकून एखादे अॅप उतरवायला सांगतात, सौर प्रकल्पात दरमहा पाच टक्के देतो म्हणतात. असल्यांना दारातून परत लावावे. पाच टक्के महिना म्हणजे साठ टक्के वर्षाला झाले. एवढे कमावणारा तुमच्या दारात कशाला येईल? ताळेबंद वाचणे जमत नसेल तर एकाच कंपनीवर भिस्त न ठेवता म्युच्युअल फंडात महिना थोडी रक्कम घालणे बरे, मात्र चढउतार तेथेही आहेतच.

सूर्याचा भाग शेअरशिवायही मिळतो

शेवटी, सौरऊर्जेत पैसा घालायचा म्हणजे शेअरच घ्यायचा असे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या घरगुती संचाला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. असा संच महिन्याला सरासरी तीनशे युनिटांच्या पुढे वीज देतो. ज्याचे घरचे बिल मोठे आहे, गोठ्यात कडबाकुट्टी, दूध काढायचे यंत्र, वर दोन पंखे आहेत, त्याने आपले मागच्या बारा महिन्यांचे बिल आणि संचाचा खर्च शेजारी शेजारी मांडून पाहावे. येथे भाव रोज पाहावा लागत नाही, प्लेट पुसली म्हणजे झाले. ज्याचे बिल मुळातच दोन-तीनशे रुपये येते त्याने घाई करू नये. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा पाच टक्के ठरला आहे. दिवसा पाणी देता आले तर रात्रीचा साप-विंचवाचा धोका टळतो, त्याची किंमत कोण कशी लावणार?

आणि उपकेंद्राजवळ ज्यांचे खडकाळ, मुरमाड पडीक रान आहे त्यांच्यासाठी सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला भाडे व दरसाल तीन टक्के वाढ ठरवलेली आहे. करार दीर्घ मुदतीचा असतो, म्हणून सही करण्यापूर्वी सर्व भावांची संमती आणि सातबारा नीट पाहून घ्यावा. चांगल्या काळ्या उसाच्या रानाला मात्र प्लेटा लावू नयेत.

ज्या सभासदांना आपल्या बिलावर घरच्या संचाचा हिशेब मांडून हवा असेल त्यांनी मागील बारा बिले घेऊन गट कार्यालयात यावे. शेअर कोणता घ्यावा, हे मात्र कृपा करून विचारू नये, ते आम्ही सांगणार नाही. तात्यांच्या रानात आता खोडवा फुटतो आहे. पाचट ठेवले आहे, नांग्या भरल्या आहेत, आणि खताचा पहिला हप्ता या खेपेस वेळेवर पडला आहे. पुढील अंकी खोडव्यातील पाचट कुजविण्याविषयी लिहू.